प्रोब कोणाच्या हाती? सोनोग्राफीतल्या नोकरीचा कारंज्यातून आढावा

मेडिकल सोनोग्राफर या पेशाची माहिती शोधायला बसले की हाती लागते ती बहुतेक अमेरिकेची. तिथे या कामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, 1975 पासून परीक्षा घेणारी एआरडीएमएस ही संस्था आहे आणि निम्म्याहून अधिक सोनोग्राफर वर्षाला 80 हजार डॉलरच्या वर कमावतात. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडमध्ये बारावी सायन्स झालेल्या, पण नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण न पडलेल्या मुलामुलीला हे वाचून मोह पडणारच. सोनोग्राफी सेंटरच्या पाट्या तालुक्याच्या गावातही दिसतात, बाहेर बाकड्यांवर बायका बसलेल्या असतात. म्हणजे काम आहे, आणि काम आहे तिथे नोकरी असणार, असा हिशेब मनात जुळतो. तो हिशेब चुकीचा आहे. सोनोग्राफर नावाची, म्हणजे स्वतः प्रोब (यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग) हातात धरून तपासणी करणाऱ्या बिगर-डॉक्टर माणसाची नोकरी महाराष्ट्रात कायद्याने उपलब्ध नाही. ती नसण्याला कारण आहे आणि ते कारण खोटे नाही. पण त्या कारणावर काढलेला उपाय अर्धाच आहे. त्या अर्धेपणाची किंमत दोघे मोजतात: तज्ज्ञाचा वार कधी याची वाट पाहणारी गरोदर बाई, आणि आईबापांनी फी भरून भलत्याच कोर्सला बसवलेले लेकरू.

आधी पुरावा पाहू. ऑगस्ट 2023 मध्ये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने गट क आणि गट ड मिळून 10,949 जागांची जाहिरात काढली. अलीकडच्या काळातली ही आरोग्य खात्यातली सर्वांत मोठी भरती असेल. तिच्या पदांच्या यादीत क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी होता, ईसीजी तंत्रज्ञ होता, डायलिसिस तंत्रज्ञ होता, प्रयोगशाळेचे आणि रक्तपेढीचे लोक होते. सोनोग्राफर नव्हता. रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत रेडिओग्राफर असतो, हृदयविभागाचा तंत्रज्ञ असतो. सोनोग्राफर तिथेही नाही. आरोग्य खाते हे पद भरायला विसरले असे म्हणावे तर ते निर्माणच झालेले नाही. खासगी क्षेत्रात चित्र वेगळे असेल असे वाटत असेल तर कायद्याचे कलम वाचावे. गर्भधारणापूर्व आणि प्रसवपूर्व निदान तंत्राच्या कायद्यातले, म्हणजे सगळे ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतात त्यातले, तिसरे कलम सांगते की विहित पात्रता नसलेल्या माणसाला कोणत्याही केंद्राने कामावर ठेवू नये. पगारी नाही, मानद नाही, कसेच नाही. ही पात्रता नियमांत दिली आहे: रेडिओलॉजीचा पदव्युत्तर डॉक्टर, किंवा ठरवून दिलेले सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत डॉक्टर, किंवा तत्सम. 2014 च्या नियमांनी हे प्रशिक्षण 300 तासांचे ठरवले. त्यावरून रेडिओलॉजिस्ट संघटना आणि सरकार यांच्यात खटला चालला, दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये काही तरतुदी रद्द केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली. भांडण होते ते कोणता डॉक्टर चालेल यावर. डॉक्टर नसलेला कोणी चालेल का, हा प्रश्न त्या कोर्टबाजीत कोणीही विचारला नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. 1980 च्या दशकात मुंबईतल्या स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम उघडली आणि 1988 मध्ये असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा 1994 चा. तो अमलात आला 1996 पासून, आणि मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्यावर त्याला धार आली. 2003 ची दुरुस्ती त्यातूनच झाली. एवढे करूनही जनगणनेचे आकडे घसरत गेले. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 1991 मध्ये 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. एक्स-रे यंत्राला परवाना लागतो तो किरणांच्या भयाने, आणि त्याची राखण अणुऊर्जा नियामक मंडळ करते. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी किरणोत्सर्गी नाहीत, त्या मंडळाचा इथे संबंधच येत नाही. सोनोग्राफी यंत्राला नोंदणी लागते ती माणसांच्या भयाने. हे एकदा समजले की कायद्यातल्या बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. नोंदणी नसलेल्याला यंत्र विकता येत नाही. एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर नाव लावता येते, हे 2012 पासून. प्रत्येक गरोदर बाईमागे तपासणीचा तपशील नोंदणारा फॉर्म एफ भरावा लागतो. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत अहवाल समुचित प्राधिकाऱ्याकडे जावा लागतो. आणि या फॉर्ममधली चूक ही 'कारकुनी चूक' म्हणून सोडून देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 3 मे 2019 च्या निकालात प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाला स्पष्ट सांगितले.

यावर कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल की कागदावरचे सोडा, प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सहायकच प्रोब फिरवतो आणि डॉक्टर सही करतो. मग मुलाने तेच शिकले तर बिघडले काय? बिघडते ते असे. कायद्याचे 23 वे कलम फक्त मालक डॉक्टरला धरत नाही. केंद्रात नोकरीला असलेला आणि कायदा मोडणारा कोणीही त्यात येतो: पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आहे, जामीनपात्र नाही, तडजोडीचा तर नाहीच. तपासणी पथक येते तेव्हा डॉक्टरकडे वकील असतो, संघटना असते, दुसरे केंद्र असते. सहायकाकडे यातले काहीच नसते, आणि यंत्राला सील लागले की त्याची नोकरी त्याच संध्याकाळी संपते. याहून मोठे नुकसान सावकाश होते. दहा वर्षे चोरून केलेल्या कामाचा दाखला कोण देणार? ज्या अनुभवाचे प्रमाणपत्र मागता येत नाही त्याच्या जोरावर दुसरी नोकरी मिळत नाही, पगारवाढ मागता येत नाही, परदेशी परीक्षेचा अर्ज भरता येत नाही. हात कितीही बसलेला असो, कागदावर असा माणूस रिसेप्शनिस्टच राहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे. गर्भलिंगनिदान केले कोणी? सहायकांनी? परळीत 2012 मध्ये गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला आणि राज्यभर गाजलेले प्रकरण बाहेर आले, त्यात शिक्षा झाली ती डॉक्टर दांपत्याला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध काम करणाऱ्या सातारच्या लेक लाडकी अभियानाने त्या रुग्णालयावर आधीच बोट ठेवले होते. म्हैसाळमध्ये 2017 साली ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले, तिथला मुख्य आरोपीही डॉक्टरच, होमिओपॅथीचा. वैद्यकीय पदवी म्हणजे सचोटीचा दाखला, या गृहीतकावर सगळा कायदा उभा असेल तर तो वाळूवर उभा आहे. पण तो तसा उभा नाही असे मला वाटते. कायद्याचा खरा आधार पदवी नसून माग काढता येणे हा आहे. मोजके हात, प्रत्येक हाताची नोंद, प्रत्येक यंत्राची नोंद, प्रत्येक तपासणीचा कागद, आणि चुकला तर रद्द करता येईल असा परवाना. डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे होती म्हणून तो पकडता येतो आणि त्याचा परवाना काढून घेता येतो. सहायकाची नोंदणी कुठेच नव्हती. कोल्हापूरने हे फार आधी ओळखले होते. लक्ष्मीकांत देशमुख तिथे जिल्हाधिकारी असताना यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारे उपकरण जोडले गेले आणि फॉर्म एफ ऑनलाइन भरणे सुरू झाले. रेडिओलॉजिस्ट संघटनेने त्याला आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. आता, जी गोष्ट नोंद, उपकरण आणि परवान्याने साधते ती डॉक्टरपुरतीच का मर्यादित ठेवायची, हा प्रश्न इथे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर कारंज्याच्या नकाशावर शोधावे लागते.

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे चार जिल्हे आले त्यांत तो आहे; बाकीचे गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. कारंजा हे या जिल्ह्यातले जुने पेठेचे गाव. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येतात, जैन मंदिरे पाहायला लोक येतात, आणि उपजिल्हा रुग्णालयामुळे आसपासच्या खेड्यांतले रुग्णही येतात. पण तज्ज्ञाचे काम निघाले की बहुतेकांच्या तोंडी अकोला किंवा अमरावती हीच नावे असतात. दोन्हीकडचे अंतर साठ-सत्तर किलोमीटरच्या घरात. मूर्तिजापूर-यवतमाळची 'शकुंतला' ही रेल्वेगाडी बंद पडल्यावर रेल्वेचा आधार उरला नाही. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आले, पण ते गाडी असलेल्याला. जागतिक आरोग्य संघटनेची 2016 ची शिफारस अशी की प्रत्येक गरोदर बाईची 24 आठवड्यांच्या आत एकदा तरी सोनोग्राफी व्हावी. गर्भातले व्यंग पाहायची नेमकी वेळ 18 ते 20 आठवड्यांची, आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतरही ठरावीक गटांतल्या स्त्रियांना गर्भपाताची नेहमीची मुदत 24 आठवड्यांपर्यंतच आहे. पुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. म्हणजे तपासणी तीन आठवडे लांबली तर निर्णयाला उरलेली वेळ निम्म्यावर येते. रेडिओलॉजिस्ट तालुक्याला स्थायिक होत नाही, कारण शिक्षणाला लागलेली वर्षे आणि पैसा त्याला मोठ्या शहरात लवकर परत मिळतो. त्याला एका जिल्ह्यात दोनच केंद्रे करता येतात, ही मर्यादा गैरवापर रोखायला योग्य आहे. पण त्यामुळे 'डॉक्टर अमुक वारी येतात' अशी पाटी लागते. सोमवारी सातव्या महिन्यातल्या बाईला रक्तस्राव सुरू झाला तर ती पाटी काय कामाची?

कमतरतेची ही गोष्ट एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये का जाणवत नाही, हे पाहिले की नोकरीचेही कोडे सुटते. एक्स-रेमध्ये चित्र काढणे आणि चित्र वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. तंत्रज्ञाने कारंज्यात छातीचा एक्स-रे काढला तर तो पुण्यात बसलेला रेडिओलॉजिस्ट वाचू शकतो; राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत अशी दूरवाचनाची सोय रुजलीही आहे. सीटी आणि एमआरआयचेही तसेच. म्हणून या तिन्ही ठिकाणी तंत्रज्ञ हा स्वतंत्र पेशा उभा राहिला. सोनोग्राफीत चित्र काढणाराच ते पाहत पाहत ठरवत असतो की प्रोब आता कुठे वळवायचा. नेमकी छटा त्या क्षणी दिसली नाही तर ती साठवलेल्या चित्रात नसतेच. 1958 मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी या तंत्रावरचा पहिला मोठा शोधनिबंध छापला तेव्हाही त्यांच्याबरोबर टॉम ब्राऊन हा अभियंता होता. यंत्र आणि वैद्यक इथे पहिल्यापासून गुंतलेले आहेत. तरीही अमेरिकेने ही कामे वेगळी केली: सोनोग्राफर ठरलेल्या क्रमाने ठरलेली चित्रे घेतो, रेडिओलॉजिस्ट ती वाचतो. ब्रिटन त्याही पुढे गेले. तिथे सोनोग्राफर अहवालही स्वतः लिहितो. श्रीमंत देशांची उदाहरणे इथे लागू नाहीत असे म्हणणाऱ्यांनी युगांडाकडे पाहावे. कम्पालाची अर्नेस्ट कुक संस्था आफ्रिकेतल्या तंत्रज्ञांना आणि सुईणींना सोनोग्राफी शिकवते. तिथे लिंगनिवडीचा प्रश्न आपल्यासारखा नाही, हा फरक मोठा आहे आणि तो झाकून ही तुलना करता येणार नाही. पण डॉक्टर नसलेला माणूस हे कौशल्य आत्मसात करू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळून गेले आहे.

आपल्याकडचा विरोधाभास तर कायद्याच्या पुस्तकातच छापला गेला आहे. संसदेने 2021 मध्ये परावैद्यक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी आणि इमेजिंग तंत्रज्ञांच्या गटात रेडिओग्राफर, सीटी, एमआरआय यांच्या शेजारी 'डायग्नॉस्टिक मेडिकल सोनोग्राफर' हे नाव आहे. म्हणजे एका कायद्याने व्यवसायाला नाव दिले आणि दुसऱ्याने त्याचे काम आधीच बंद करून ठेवले. अनुसूची आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतली तेव्हा हे नाव बहुधा आपोआप आत आले असावे. पण आता ते आत आहे, आणि त्याचा अर्थ लावणे आयोगाला टाळता येणार नाही. माझ्या मते मार्ग असा: गर्भाची तपासणी आज आहे तशी डॉक्टरच्याच हाती राहू द्यावी, कारण हजार मुलग्यांमागे 894 मुली हा आकडा अजून पुसला गेलेला नाही. पण यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तवाहिन्या यांच्या तपासणीसाठी, नोंदणीकृत रुग्णालयात, डॉक्टर आवारात असताना आणि यंत्राची प्रत्येक कृती नोंदली जात असताना, परवानाधारक सोनोग्राफरला काम करू द्यावे. यावर रेडिओलॉजिस्ट म्हणतील की एकदा प्रोब हाती आला की तो पोटावरून गर्भावर सरकायला वेळ लागत नाही. भीती रास्त आहे. पण आज हा प्रोब कुठेही नाव नसलेल्या सहायकाच्या हाती असू शकतो, आणि त्याला गमावण्यासारखे काही नसते. ज्याला चार वर्षे शिकून मिळालेला परवाना जपायचा आहे तो माणूस जास्त सावध राहील, हे तर्काला धरून आहे. शिवाय रेडिओलॉजिस्टचा मोकळा झालेला वेळ गरोदर बायकांच्या तपासणीला मिळेल. हातात मावणारी नवी यंत्रे आणि संगणकाने चित्र वाचणारी प्रणाली आल्यावर हा वाद आपोआप मिटेल असे काहींना वाटते. मला वाटत नाही. पोर्टेबल यंत्रांवर कायद्याची पकड अधिकच घट्ट आहे, आणि तशी असायलाच हवी.

हे सगळे होईल तेव्हा होईल. आज ज्याला नोकरी हवी आहे त्याने सोनोग्राफीच्या शेजारच्या दारांकडे पाहावे, आणि ती दारे दुय्यम दर्जाची नाहीत. पहिले दार क्ष-किरण, सीटी आणि एमआरआय तंत्रज्ञाचे. समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून तो जातो. 1 जुलै 2023 च्या पहाटे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले. अशा रस्त्याच्या आसपासच्या रुग्णालयांत डोक्याचा सीटी मध्यरात्री काढू शकणारा माणूस लागतो, रोज लागतो. दुसरे दार हृदयविभागाचे: ईसीजी, कॅथ लॅब, आणि काही मोठ्या रुग्णालयांत हृदयरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, मापे घेण्याचे काम. ज्याला ध्वनिलहरींच्या चित्रांचीच ओढ आहे त्याला हे त्यातल्या त्यात जवळचे. मात्र इको यंत्रेही नोंदणीतून सुटत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. तिसरे दार खुद्द सोनोग्राफी सेंटरमधले. फॉर्म एफ बिनचूक भरणे, ओळखपत्र तपासणे, बाईची सही घेणे, मासिक अहवाल वेळेत पाठवणे, रिपोर्ट टाइप करणे, रुग्णाला लघवी साठवून की उपाशीपोटी यायचे ते नीट समजावणे. 2019 च्या निकालानंतर या कामाची किंमत डॉक्टरांना कळली आहे, कारण एक रिकामा रकाना केंद्र बंद पाडू शकतो. काम सन्मानाचे आहे, पण त्यात वर चढायला शिडी नाही, हे माहीत असून ते धरावे.

मुलीला एक्स-रेच्या कामाला पाठवायचे म्हटले की घरात किरणांची भीती निघते. लग्न, पुढे मूलबाळ, असे प्रश्न येतात. त्यावर आकड्यांनी बोलणे बरे. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यासाठी ठरवलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या पुढे जायची मुभा नाही. तंत्रज्ञाच्या छातीवर किरणांची मात्रा नोंदणारा टीएलडी बॅज असतो आणि दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो. शिशाच्या भिंतीआडून काम करणाऱ्याच्या बॅजवर सहसा या मर्यादेच्या जवळपासही आकडा येत नाही. एमआरआयमध्ये तर असे किरणच नसतात. भीती बाळगायची तर बॅज न देणाऱ्या केंद्राची बाळगावी. मुलाखतीतच बॅज मिळेल का असे विचारले तर समोरच्याला आपण काम जाणतो हेही कळते.

कोर्स निवडताना मात्र कठोर व्हावे लागते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम बारावी सायन्सनंतरचा, तीन वर्षे अभ्यास आणि वर इंटर्नशिप असा आहे. तो वैद्यकीय महाविद्यालयांत चालतो, म्हणजे रुग्ण, यंत्रे आणि शिकवणारे डॉक्टर एकाच आवारात असतात. 'सोनोग्राफी टेक्निशियन डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी' असे सांगणाऱ्या संस्थेला एकच प्रश्न विचारला तरी पुरे: तुमच्या विद्यार्थ्याने महाराष्ट्रात कोणत्या कायद्याखाली प्रोब हाती घ्यायचा? उत्तरात परदेशाचे नाव आले तर दुसरा प्रश्न: प्रत्यक्ष सराव कोणत्या नोंदणीकृत केंद्रावर, कोणाच्या नावाने? पुढे महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नाव नोंदता येईल का, हा तिसरा. घरबसल्या मिळणाऱ्या पदव्यांचा मार्ग तर बंदच होत चालला आहे; परावैद्यक व्यवसायांच्या 2021 च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 पासून मनाई केली आहे.

परदेशाचे स्वप्न मोडायचे कारण नाही, पण त्याची वाट सरळ नाही. एआरडीएमएसच्या परीक्षेला भौतिकशास्त्राचा एक भाग असतो, तो अभ्यासाने निघतो. अडते ते प्रत्यक्ष अनुभवाच्या अटीवर. साधारण बारा महिने पूर्णवेळ सोनोग्राफी केल्याचा दाखला लागतो आणि तो देणे भारतातल्या बिगर-डॉक्टरला कायद्यानेच अवघड. म्हणून आखाती देशांत किंवा ब्रिटनमध्ये जाऊ पाहणाऱ्याने आधी इथे रेडिओग्राफर व्हावे, तिकडे त्या पदावर नोकरी धरावी आणि तिथल्या विद्यापीठात सोनोग्राफीचा पदव्युत्तर डिप्लोमा करावा. ब्रिटनमध्ये बहुसंख्य सोनोग्राफर याच क्रमाने घडले आहेत. रेडिओग्राफी आधी, प्रोब नंतर. हा रस्ता लांबचा वाटतो खरा, पण यातली प्रत्येक पायरी कागदावर सिद्ध करता येते.

नोकरी मिळणे एक आणि तिच्यात टिकणे दुसरे. इमेजिंग तंत्रज्ञाच्या कामात शरीररचनेचे ज्ञान सर्वांत वर असते. यंत्राची बटणे सहा महिन्यांत पाठ होतात, पण सीटीच्या चित्रात मेंदूतला रक्तस्राव ओळखून रेडिओलॉजिस्टला ताबडतोब फोन करायची नजर वर्षांनी येते. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला धाप लागली तर पहिली दोन मिनिटे तंत्रज्ञाचीच असतात. रिपोर्टची भाषा इंग्रजी, यंत्राची इंग्रजी, आणि टेबलावर झोपलेल्या म्हाताऱ्या बाईशी बोलायची वऱ्हाडी. दोन्ही यायला हव्यात. श्वास रोखा म्हटल्यावर रुग्णाने तो रोखला नाही तर चित्र हलते आणि तपासणी पुन्हा करावी लागते. गावाकडच्या पोरांचा इथे फायदाच होतो, कारण त्यांना माणसाशी बोलायची लाज नसते. शहरात मोठ्या रुग्णालयात दोन-तीन वर्षे रात्रपाळ्या करून मग जिल्ह्याला परतलेला तंत्रज्ञ छोट्या केंद्रात सरळ चिकटलेल्यापेक्षा पुढे जातो, कारण त्याने विविध आजार पाहिलेले असतात.

वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे 9 ऑक्टोबर 2024 रोजी एकाच वेळी उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा महाविद्यालयांपैकी एक. अशा महाविद्यालयात एमबीबीएसच्या शंभर जागा असतात आणि त्यांचीच बातमी होते. जिल्ह्याच्या सोनोग्राफीचा प्रश्न मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींवर हलणार आहे: तिथे बीपीएमटीच्या रेडिओग्राफीच्या जागा किती दिल्या जातात, आणि तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांसाठी 300 तासांचे प्रशिक्षण तिथे सुरू होते का. पहिल्याने कारंज्याच्या मुलांना नागपूर न गाठता पदवी मिळेल. दुसऱ्याने उपजिल्हा रुग्णालयातल्या यंत्राला सोमवारीही हात मिळेल. दोन्हींसाठी नवा कायदा लागत नाही, आहे त्या नियमांत बसणारे दोन प्रस्ताव लागतात. लोकप्रतिनिधींनी हे प्रस्ताव मागायला हरकत नाही, आणि पालकांनी प्रवेशाच्या हंगामात लोकप्रतिनिधींना त्याबद्दल विचारायलाही नाही.